दरोडा, बंड की क्रांती? : वासुदेव बळवंत फडके यांच्या उठावाची भाषा

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• फडके यांच्या उठावाची रूपरेषा सांगता येईल.
• एकाच घटनेच्या निरनिराळ्या नावांमागील दृष्टी ओळखता येईल.

प्रास्ताविक
शब्द वस्तूचा निर्देश करतो, त्याचबरोबर बोलणाऱ्याचा निवाडाही सुचवतो. १८७९ मधील एका फसलेल्या उठावाच्या आधारे हे समजून घेऊ.

विषय-विवेचन
फडके यांचा जन्म १८४५ मध्ये शिरढोण (आजचा रायगड जिल्हा) येथे झाला. पुण्यात ते लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. १८७६-७७ च्या दुष्काळातील रयतेची दैना पाहून इंग्रजी सत्ता उलथून टाकण्याचा त्यांनी निश्चय केला. भारतीय प्रजासत्ताक हे त्यांचे अंतिम ध्येय होते, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. सुशिक्षित व धनिक वर्गाचे पाठबळ न मिळाल्याने त्यांनी रामोशी साथीदार जमवले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये पुणे जिल्ह्यातील धामारी गाव लुटले. या पैशातून माणसे व शस्त्रे उभी करावयाची होती.

येथेच योजनेतील पेच दिसतो. नेत्याच्या लेखी लूट हे साधन होते. अनेक साथीदारांच्या लेखी तो मिळकतीचा वाटा होता. ही खंत फडके यांनी आपल्या आत्मकथनात व्यक्त केली आहे. मे महिन्यात दौलतराव नाईक चकमकीत मारले गेले. जुलैमध्ये विजापूर जिल्ह्यातील देवर नावदगी येथे फडके पकडले गेले. त्यांचे स्वतःचे लेखनच न्यायालयात त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. जन्मठेप भोगत असताना १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथे त्यांचा मृत्यू झाला.

आता शब्दांकडे वळू. 'दरोडा' हा शब्द कृतीचे बाह्य रूप सांगतो आणि तिला गुन्ह्यात जमा करतो. 'बंड' या शब्दात प्रस्थापित सत्ता गृहीत धरलेली असते. 'क्रांती' हा शब्द हेतूला प्राधान्य देतो. 'आद्य क्रांतिकारक' हे बिरुद उत्तरकाळाने दिले. नाशिकजवळील भगूर येथे जन्मलेल्या वि. दा. सावरकरांनी १८५७ च्या 'बंडा'ला 'स्वातंत्र्यसमर' म्हटले, ते याच प्रकारचे नामांतर होय.

तथापि सर्व नावे केवळ बाहेरून दिली गेली, असे मानू नये. मे १८७९ मध्ये फडके यांनी जाहीरनामा काढून सरकारकडे करकपात व लोकांना रोजगार यांची मागणी केली. जाहीरनामा हा राज्यसंस्थेचा भाषाप्रकार आहे. तो स्वीकारून त्यांनी आपण सत्तेशी बरोबरीच्या नात्याने बोलत आहोत, असे सुचवले. राज्य स्थापन झाले नाही. त्याची भाषा मात्र वापरली गेली.

सारांश
धामारीत लूट झाली, हे खरे. तिचा हेतू राजकीय होता, हेही खरे. एका शब्दाच्या सोयीसाठी दुसरे सत्य झाकू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. 'बंड' आणि 'क्रांती' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या आंदोलनासाठी वापरले जाणारे तीन शब्द नोंदवा. प्रत्येक शब्द कोण वापरतो, ते लिहा.