हजेरीचे अकरा रकाने आणि संगणकाचे आवर्तन

पाठाचा हेतू : एकसारख्या अनेक रकान्यांवर एकच गणिती कृती संगणकाकडून करवून घेणे आणि ती करताना कोरी जागा व शून्य यांतील भेद राखणे.

प्रास्ताविक : पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे उद्योगांचा हा पट्टा चाकणपर्यंत विस्तारला. कामासाठी येणाऱ्या कुटुंबांची मुले येथील शाळांत वर्षाच्या मध्यातही दाखल होतात. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाप्रमाणे अशा बालकास प्रवेश नाकारता येत नाही. साहजिकच हजेरीच्या तक्त्यात अनेक जागा कोऱ्या असतात.

कृतीचे स्वरूप : जून ते एप्रिल असे अकरा महिने. प्रत्येक महिन्याचे हजर दिवस कामाच्या दिवसांनी भागून शंभराने गुणले म्हणजे शेकडा उपस्थिती मिळते. हे सूत्र अकरा वेळा लिहिताना एखाद्या ओळीत महिन्याचे नाव बदलावयाचे राहून जाते. जुलैचे हजर दिवस जूनच्या कामाच्या दिवसांनी भागले जातात आणि चूक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय आवर्तनाचा, म्हणजेच लूपचा. महिन्यांची यादी एकदा द्यावी. सूत्र एकदाच लिहावे व त्यात महिन्याच्या जागी 'म' ही खूण ठेवावी. संगणक 'म' च्या जागी प्रथम जून घेतो, कृती पुरी करतो, नंतर जुलै घेतो. याप्रमाणे यादी संपेपर्यंत चालतो. 'आर' या मोफत प्रणालीत यासाठी 'फॉर', स्टाटामध्ये 'फॉरईच' आणि एसपीएसएसमध्ये 'डू रिपीट' ही आज्ञा आहे. नावे निराळी, तत्त्व एकच.

मुख्य सावधगिरी : कारखान्यात साचा बसविल्यावर पहिला नग मोजून पाहतात आणि मगच पुढचे काढतात, कारण साचा चुकला तर सर्वच नग चुकतात. आवर्तनाचेही तसेच आहे.

समजा, चौथीतील एक मुलगी डिसेंबरात दाखल झाली. पुढील पाच महिन्यांत कामाचे दिवस ११८ व तिची हजेरी १०४. तिची उपस्थिती शेकडा ८८ झाली. परंतु जून ते नोव्हेंबर या तिच्या जागा कोऱ्या आहेत, आणि बेरजेत एक जरी जागा कोरी असली तरी 'आर' मध्ये उत्तरही कोरेच येते. ही अडचण टाळण्यासाठी 'कोऱ्या जागी शून्य भरा' अशी आज्ञा आवर्तनात घालण्याचा मोह होतो. तसे केल्यास आधीचे ११२ दिवसही तिच्या नावे गैरहजेरी म्हणून धरले जातात. २३० पैकी १०४, म्हणजे शेकडा ४५. नियमित येणारी मुलगी अनियमितांच्या यादीत जाते.

याउलट, पटावर नाव असूनही जो मुलगा महिनाभर आला नाही, त्याचे शून्य खरे आहे. ते शून्य कोरे ठेवल्यास ज्याच्या घरी शिक्षकाने जावयास हवे, तोच मुलगा तक्त्यातून नाहीसा होतो.

योग्य रीत :
१. 'एकूण हजर' व 'एकूण कामाचे दिवस' या दोन बेरजा आरंभी शून्य ठेवाव्यात.
२. प्रत्येक महिन्यासाठी विचारावे : हजेरीची जागा कोरी आहे काय? असल्यास काहीही न मिळवता पुढील महिन्याकडे जावे.
३. कोरी नसल्यास, तेथे शून्य असले तरीही, दोन्ही आकडे आपापल्या बेरजेत मिळवावेत.
४. यादी संपल्यावर पहिली बेरीज दुसरीने भागून शंभराने गुणावी.
५. संपूर्ण पटावर आवर्तन चालविण्यापूर्वी तीन विद्यार्थ्यांचे उत्तर कागदावर काढून पडताळावे : एक वर्षभर हजर, एक मध्यात आलेला, एक महिनाभर गैरहजर.

स्वाध्याय :
(अ) आपल्या वर्गाच्या तक्त्यातील कोऱ्या जागा व शून्ये निरनिराळी मोजावीत. प्रत्येक कोऱ्या जागेचे कारण दाखल नोंदवहीवरून ठरवावे.
(आ) अकरा महिन्यांच्या शेकडेवारीची सरासरी आणि वरील रीतीने आलेले उत्तर यांत फरक का पडतो, ते कामाच्या दिवसांच्या आधारे सांगावे.
(इ) फेब्रुवारीत शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या मार्च व एप्रिलच्या जागी काय असावे, ते कारणासह लिहावे.