सोयाबीन घरात आलं की दर्याकडे

मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून समुद्र कुठूनच जवळ नाही. वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर पाऊस, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकलं तर बरं साल, आणि नदी म्हणजे अडाण. अशा घरातली माणसं आम्ही. तरीही गेल्या काही वर्षांत मालवण, देवबाग, निवती, वेंगुर्ला या पट्ट्यात चार वेळा जाऊन आलो. पहिली खेप मे महिन्यातली. उरलेल्या तीन उन्हाळा सोडून, आणि जे सांगण्यासारखं आहे ते त्या तीन खेपांतलं आहे.

१. मे महिना तिथल्या लोकांच्या घरच्यांचा असतो.

आपल्याकडे शाळेला सुट्टी लागली की सगळ्यांना एकाच वेळी कोकण आठवतं. आम्हीही तसेच गेलो. मालवणच्या जेट्टीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी इतकी मोठी रांग होती की आई अर्ध्या तासात उन्हानं पांढरी पडली. वाशिमचं बेचाळीस डिग्रीचं ऊन ती शेतात सोसते, पण तिथली घामट, चिकट हवा तिला सोसवेना. किल्ला न पाहताच परतलो. किनाऱ्यावर सावलीला बसून ती म्हणाली, "एवढं पानी हाय रे बाबू, अन् एक घोट पेता येत नाही."

नंतर उमगलं की मे हा तिथं चाकरमान्यांचा महिना. मुंबईतली लेकरं-नातवंडं घरी आलेली, आंबे-फणस उतरायचे, कोकमं वाळवायची, लग्नं उरकायची. आपण गर्दी करतो ती त्यांच्या घरच्या दिवसांत. यजमानीण हसून जेवायला वाढते, पण तिच्या माजघरात पंधरा माणसं झोपलेली असतात. तिला आपल्याशी दोन शब्द बोलायला वेळ कुठून मिळणार?

२. पावसाळ्यात समुद्राकडे नुसतं बघायचं.

दुसऱ्या खेपेला श्रावणात गेलो. पेरण्या, डवरणी आटोपली होती आणि पोळा अजून लांब होता. मनात एकच हिशेब, गर्दी नसेल, आईला निवांत किल्ला दाखवू. जेट्टीवर पोचलो तर एकही होडी पाण्यात नाही. पावसाळ्यात किल्ल्याची प्रवासी वाहतूक आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. किल्ला समोर, तटबंदीवर लाटा फुटताना दिसतात, आणि मधलं ते एवढंसं पाणी ओलांडता येत नाही. आईला दुसऱ्यांदा मागं फिरावं लागलं. चूक माझीच होती. तुम्ही करू नका, निघण्याआधी फोन करून विचारा.

पण त्या आठवड्यात जे पाहिलं ते मेमध्ये दिसलं नसतं. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला, आणि माशांच्या प्रजननाचा काळ. बंदी उठून काही दिवस झाले होते, तरी मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर बऱ्याच होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. पडवीत माणसं जाळी शिवत बसली होती. एका वयस्कर मच्छीमाराला मी म्हणालो, आम्हीही उन्हाळ्यात रान नांगरून तापू देतो, त्याशिवाय पीक धरत नाही. त्यानं मान डोलावली आणि जाळं बाजूला ठेवून मला बसायला फळी दिली. पुढचा तासभर आम्ही भावावर बोललो. त्याचा बांगडा, माझं सोयाबीन. दोघांचीही तक्रार एकच, माल निघाला की भाव पडतो.

देवबागला आमची यजमानीण रोज बजावायची, "पाण्यात जाव नकात हां, बाबानू." देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. उधाणाच्या रात्री लाटा बंधाऱ्याच्या दगडांवर आदळतात, तो आवाज घरात, उशीखाली येतो. आमच्याकडे गारपिटीच्या रात्री जशी झोप लागत नाही, तशी त्या घरातल्या माणसांना लागत नव्हती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारी ती माणसं. त्यांनी 'जाऊ नका' म्हटलं तर जायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही. बाहेरगावची तरुण पोरं दरवर्षी हा शब्द मोडतात आणि त्यांच्या आईबापांना फोन जातात.

नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सगळं गाव लोटलं. समुद्राला नारळ दिला, बायांनी नारळ लढवले. आईनंही एक नारळ घेतला, हात जोडले आणि पाण्यात सोडला. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "यायच्या होड्या सुखरूप येऊ दे म्हटलं." स्वतःसाठी तिनं काही मागितलं नव्हतं.

३. पंचांग सोबत ठेवा.

हे मला देवबागच्या त्या यजमानिणीनं शिकवलं. त्या दिवशीची तिथी घ्यायची, शुद्ध असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या यावर चालत आली आहेत. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला पाणी फार चढतं आणि फार उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात.

आई जन्माची वारकरी, तिला तिथी तोंडपाठ. तिनं लगेच हिशेब केला, एकादशीला सव्वाआठ, म्हणजे दोनच्या पुढे पाणी खाली. तेव्हापासून किनाऱ्यावर कधी जायचं हे आमच्या घरात तीच ठरवते. उन्हाळ्यातल्या गर्दीत आपण पोचलो की समुद्र बघतो, मग तो चढता असो की उतरता. गर्दी नसली की त्याची वेळ पाळता येते. निवतीच्या त्या अर्धचंद्रासारख्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेली बारीक गोळ्यांची नक्षी मैलभर पसरलेली असते. भरती ती पुसते, पुढची ओहोटी पुन्हा काढते. सोबत आलेला नातू तीन दिवस तेच बघत होता.

४. माळकऱ्यानं घाबरू नये.

वाशिमकडून निघताना निम्मी माणसं डबे बांधून घेतात, तिथं नुसते मासे असतात म्हणून. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिला मिळालं काय? काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे, तवशाचं धोंडस, अळूचं फदफदं, टाकळ्याची भाजी, सोलकढी. श्रावणात तर अर्धं मालवणच शाकाहारी असतं. तिनं परत येऊन आमच्या सोयाबीनच्या तेलात काळ्या वाटाण्याचं सांबारं करून पाहिलं, जमलं नाही. खोबरं तिथलं हवं.

५. खरी वेळ त्रिपुरी पौर्णिमेनंतरची.

सोयाबीन काढून, विकून, हरभरा पेरून झाला की आमच्याकडे आठ-दहा दिवस हात मोकळे होतात. तिसऱ्या खेपेला तेच दिवस धरले. आणि आता वाटतं, आमच्या भागातल्या शेतकऱ्यानं हेच दिवस धरावेत.

तिकडेही भात झोडून झालेलं असतं. घराघरापुढे गवताच्या उडव्या रचलेल्या असतात. हवा कोरडी, समुद्र शांत. आणि गावोगावच्या जत्रा सुरू होतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीला माउलीची लोटांगणाची जत्रा असते. जत्रेच्या रात्री देवळापुढं दशावतार होतो. आम्ही एका लहान गावात तो पाहिला. नेपथ्य नाही, लिहिलेली संहिता नाही. एक बाकडं, पायपेटी, पखवाज, झांज. बाईचं काम करणारा पुरुष इतका तोलून बोलत होता की आईनं मला दोनदा विचारलं, ती खरंच बाई नाही का? संवाद उभ्या उभ्या रचतात. आमच्याकडं भारुड आणि खडी गंमत पाहत मोठा झालेला मी, पहाटे चारपर्यंत जागचा हललो नाही. मेमध्ये आलेल्या माणसाला कोकणचं हे अंग दिसतच नाही.

सकाळी रापण पाहिली. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-तीस माणसं ओढतात. मीही दोराला हात लावला, कुणी नको म्हटलं नाही. तळहात सोलून निघाले. जाळं वर आलं तेव्हा तारल्या, थोडा बांगडा, बाकी कचरा. वाटे तिथंच वाळूवर पडले, आमच्याकडं बटईत खळ्यावर पडतात तसे. एक रापणकर म्हणाला, पूर्वी एका ओढीत टोपल्या पुरायच्या नाहीत. मासे आधीच घेरून नेणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारनं २०१६ मध्ये निर्बंध आणले, पण कागदावरचा निर्बंध दर्यावर रोज पाळला जावा लागतो, असं तो म्हणाला. त्याच्या या म्हणण्यात मला खोटं काही दिसलं नाही. किनाऱ्यावर उभं राहून, हातानं ओढून, मिळेल ते वाटून खाणाऱ्यांच्या बाजूनंच मी आहे.

आणि त्या खेपेला आई किल्ल्यावर गेली. होडीत आम्ही धरून नऊ जण. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. ती तिथं बराच वेळ डोळे मिटून बसली. मग तिला दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवल्या. चहूकडून खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. काठावर वाकून ती पाहत राहिली. मेमधलं तिचं ते वाक्य मला आठवलं, तिलाही आठवलं असावं. म्हणाली, "राजानं पह्यले पानी पाह्यलं, मंग दगड रचला."

६. थंडीत रात्री किनाऱ्यावर जा.

चौथी खेप थंडीतली. आमच्याकडं हुरड्याची शेकोटी पेटते तेव्हा तिथं रात्री साधी चादर पुरते. मालवणच्या समोरचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गाळ खाली बसल्यानं हिवाळ्यात तिथलं पाणी नितळ असतं. एका अंधाऱ्या रात्री लाट फुटताना तिच्या कडेला निळा उजेड चमकला. पाण्यातले सूक्ष्म जीव हलले की असे प्रकाशतात. दरवेळी दिसेलच असं नाही, विजेच्या झगझगाटात तर नाहीच.

७. वाटेचं.

गाडी घेऊन घाट उतरण्यापेक्षा रेल्वे बरी. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी अकोल्यावरून जायची आणि कुडाळला थांबायची. आम्ही गेलो तेव्हा आठवड्यातून दोनदा होती. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, तो वेळ धरून निघा. म्हाताऱ्या माणसाला खिडकीची जागा द्या.

सिंधुदुर्ग ३० एप्रिल १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्यांची ही ओळख आणि आमचा जिल्हा वयानं सारखेच म्हणायचे, पण त्यांच्याकडं आपण जातो, आपल्याकडं ते क्वचित येतात. म्हणून जाताना एक करा. घरची तुरीची डाळ दोन किलो बांधून न्या आणि यजमानिणीच्या हातात ठेवा. आणि नारळी पौर्णिमेला गेलात तर नारळ इथून नेऊ नका, बंदरावर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडूनच घ्या.