वृद्धाश्रमातील खोली आणि अपघातांचे निवारण

तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठच्या गावांत जुन्या घरांची मांडणी बहुधा ठरावीक असते : रस्त्यालगत उंच ओटा, पुढे उंबरठा, मधोमध उघडे अंगण आणि परसात विहीर व मोरी. धडधाकट माणसाला ही रचना सुखावह वाटते. परंतु अशा घरात वृद्धाश्रम चालवावयाचा झाल्यास तिची पावलोपावली तपासणी करावी लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाने अंगणाची कड निसरडी होते. तेल लावून न्हाण्याची रीत तमिळ घरांत आहे. ते तेल मोरीच्या फरशीवर उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

पाहणीचा आरंभ पलंगापासून करावा. त्याच्या कडेवर बसले असता वृद्धाचे दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. तेथून शौचकूपापर्यंतची वाट व्यवस्थापकाने रात्री स्वतः चालून पाहावी. दुमडलेली चटई, वाटेतला तांब्या, पंख्याची लोंबती वायर हे धोके दिवसा सहसा लक्षात येत नाहीत. या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. उंबरठ्याच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा ओढावा. मोरीत आधाराची दांडी भिंतीत पक्की बसवावी. टॉवेल वाळवण्याची दांडी शरीराचा भार पेलत नाही. मोरीच्या दाराची कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे.

वृद्ध पडू नये म्हणून त्याला पलंगाला बांधून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. हालचाल थांबली की स्नायू दुर्बळ होतात आणि पडण्याचे भय उलट वाढते. आगीच्या वेळी तर असे बंधन प्राणघातक ठरते. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली. बहुतेक रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते, आणि २८ जण मृत्युमुखी पडले. १६ जुलै २००४ रोजी खुद्द तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे शाळेचे शाकारलेले छप्पर पेटून ९४ मुलांचा अंत झाला. यास्तव निजण्याच्या खोलीवर शाकारलेले छप्पर नसावे, चूल तिच्यापासून दूर असावी, आणि दारापुढे सामान रचू नये.

सुरक्षित खोलीची कसोटी साधी आहे : ज्याला चालता येते अशा वृद्धाला पहाटे कोणालाही हाक न मारता उठून ओट्यापर्यंत जाता आले पाहिजे.