प्लाझ्माच्या वेढ्यात यान मुकं का होतं?

प्रश्न : आमच्या शेडमध्ये प्लाझ्मा कटिंग सुरू झालं की रेडिओ खरखरायला लागतो. अंतराळवीर शुभांशु शुक्ला पृथ्वीवर परतले तेव्हा प्लाझ्मामुळे यानाशी काही मिनिटं संपर्क तुटतो, असं टीव्हीवर सांगत होते. दोन्हीकडे भानगड एकच का?
— एक वाचक, उरला, रायपूर

उत्तर : नाव एक, भानगडी दोन. कटिंग मशीनमध्ये आर्क पेटवायला बऱ्याचदा उच्च वारंवारतेची ठिणगी पाडतात. ती स्वतःच रेडिओलहरी फेकते आणि तुमचा रेडिओ त्या इमानेइतबारे ऐकवतो. तिथे गोंगाट वाढतो. यानाभोवती मात्र वाटच बंद होते.

15 जुलै 2025 रोजी शुक्लांचं यान वातावरणात शिरलं ते सेकंदाला सातेक किलोमीटरच्या वेगानं. अशा वेळी पुढची हवा दबून हजारो अंश तापते, रेणू फुटतात. नायट्रोजन-ऑक्सिजनचे सुटे अणू जोडले जाऊन नायट्रिक ऑक्साइड होताना इलेक्ट्रॉन निसटतात. सुट्या इलेक्ट्रॉनांचा हा तापलेला वायू म्हणजेच प्लाझ्मा. इलेक्ट्रॉनांची दाटी जितकी जास्त, तितकी अधिक वारंवारतेची लहर ते परतवून लावतात.

रेडिओ सिलोन रायपुरात ऐकू यायचं, तेही याच गुणामुळे! वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे आयनांबरात, दुपारी घन सेंटीमीटरला साधारण 10 लाख इलेक्ट्रॉन असतात. सरळ वर गेलेली 9 मेगाहर्ट्झपर्यंतची लहर तिथून माघारी येते. यानाभोवती हा आकडा एक लाख कोटींवर जाऊ शकतो. दाटी दहा लाख पट झाली की मर्यादा हजार पट वाढते, म्हणजे 9 गिगाहर्ट्झ. यानांचे नेहमीचे संदेश 2 गिगाहर्ट्झच्या आसपासचे. ते कुठून सुटणार?

तोडगे निघाले आहेत. मार्च 1965 मध्ये जेमिनी-3 यानातून प्लाझ्मात चक्क पाणी फवारलं, आणि संदेश सुधारले. मला त्याहून आवडतो तो स्पेस शटलचा मार्ग : पाठीमागे प्लाझ्मा विरळ असतो, तेव्हा जमिनीचा नाद सोडून वरच्या उपग्रहाशीच बोलायचं. मार्च 2024 मध्ये स्टारशिपनं याच वाटेनं लालभडक प्लाझ्माची थेट चित्रं पाठवली.

हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या कित्येक पट वेग, म्हटलं की संपर्क तुटलाच, हे बातम्यांतलं समीकरण मात्र घाईचं आहे. डीआरडीओनं 7 सप्टेंबर 2020 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडवलेलं एचएसटीडीव्ही हे चाचणीयान ध्वनीच्या सहापट वेगानं गेलं. त्या वेगाला यान तापतं खरं, पण हवेतून इलेक्ट्रॉन फारसे सुटत नाहीत.