डाऊनची बाग आणि पॉली

इंग्लंडमध्ये लंडन शहरापासून सुमारे सोळा मैलांवर डाऊन नावाचे एक खेडे आहे. आज ते बृहद्‌लंडनच्या हद्दीत मोडते. परंतु एकोणिसाव्या शतकात ते केंट परगण्यातील एक आडवळणाचे गाव होते. खडूसारख्या पांढऱ्या मातीच्या टेकड्या, कुंपण घातलेली कुरणे आणि मधून जाणाऱ्या अरुंद वाटा एवढेच त्याचे वैभव. या गावात १८४२ च्या सप्टेंबर महिन्यात एक तरुण शास्त्रज्ञ आपल्या कुटुंबासह राहावयास आला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

त्या वेळी डार्विन तेहतीस वर्षांचे होते. १८३१ च्या डिसेंबरपासून १८३६ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांनी 'बीगल' नावाच्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. दक्षिण अमेरिकेतील अरण्ये, अँडीजचे पर्वत आणि महासागरातील प्रवाळद्वीपे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अशा प्रवाशाने पुढेही देशोदेशी भ्रमंती केली असेल, असे कोणासही वाटेल. परंतु परत आल्यानंतर डार्विन आपल्या देशाबाहेर कधीच गेले नाहीत. डाऊनच्या घरी ते चाळीस वर्षे राहिले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. प्रकृतीने त्यांना कधी साथ दिली नाही. थोडा वेळ बोलत बसले तरी त्यांना थकवा येई. त्यामुळे घर, बाग आणि आसपासची शेते एवढेच त्यांचे जग उरले. मात्र त्या लहानशा जगाकडे त्यांनी ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी लहान नव्हती.

त्यांचा दिवस घड्याळाच्या काट्याप्रमाणे चाले. सकाळी न्याहारीपूर्वी एक फेरी, मग अभ्यासिकेत काम, मध्ये पत्रांचे वाचन, पुन्हा काम आणि बाराच्या सुमारास बागेतून फेरफटका. घरामागे भाजीपाल्याची बाग होती. १८६३ मध्ये तेथे झाडांना ऊब देणारे एक काचघर बांधण्यात आले होते. तेथील प्रयोगाच्या रोपांवर नजर टाकून डार्विन पुढे एका खास वाटेने फिरावयास जात. शेजाऱ्याकडून घेतलेल्या जमिनीच्या एका लांबट तुकड्यावर त्यांनी झाडे लावून घेतली होती आणि त्याभोवती वाळूमिश्रित खड्यांची वाट केली होती. घरात तिला 'वाळूची वाट' म्हणत. किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यासाठी ते वाटेवर गारगोट्यांची लहानशी रास ठेवीत आणि प्रत्येक फेरीला एक गारगोटी पायाने बाजूस सारीत. ते इतक्या हळुवार पावलांनी चालत आणि इतके स्तब्ध उभे राहत, की एकदा खारीची पिले त्यांच्या पायांवरून पाठीवर चढली आणि पिलांची आई झाडावरून आकांत करीत राहिली!

बागेत ते केवळ विसाव्यासाठी जात नसत. १८५७ मध्ये त्यांनी तीन फूट लांब व दोन फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा खणून साफ केला आणि त्यात आपोआप उगवणारे तण मोजावयास आरंभ केला. उगवलेल्या प्रत्येक रोपाची ते नोंद ठेवीत. एकूण ३५७ रोपे उगवली. त्यांपैकी २९५ नष्ट झाली. बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. एखाद्या घोंगडीपेक्षाही लहान जागेत, कोणाच्याही नकळत, जगण्यासाठी केवढी झुंज चालते ते या आकड्यांवरून दिसून आले. पुढे १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जगद्विख्यात ग्रंथात या तणांनाही स्थान मिळाले.

बागेप्रमाणेच कुत्र्यांचाही डार्विन यांना लहानपणापासून लळा होता. पृथ्वीप्रदक्षिणेस निघताना त्यांनी घरी एक कुत्रा मागे ठेवला होता. तो स्वभावाने तापट असून परक्या माणसांना जवळ येऊ देत नसे. पाच वर्षे आणि दोन दिवसांनी डार्विन परतले, तेव्हा त्यांनी मुद्दाम त्याची परीक्षा पाहिली. तबेल्याजवळ जाऊन त्यांनी पूर्वीच्याच पद्धतीने हाक दिली. कुत्र्याने विशेष आनंद दाखविला नाही. पण धनी अर्ध्या तासापूर्वीच दूर गेला असावा तसा तो मुकाट्याने त्यांच्यामागून फिरावयास निघाला.

डाऊनला त्यांच्याजवळ बॉब नावाचा एक मोठा कुत्रा होता. धन्याबरोबर फिरावयास जाण्याचा त्याला मोठा षोक. परंतु वाटेत काचघराकडे जाणारा फाटा लागे आणि डार्विन तिकडे वळत, तेव्हा आता फिरणे होते की नाही, या शंकेने बॉबचा चेहरा एकदम पडे. मान खाली जाई, कान आणि शेपूट लोंबू लागत, डोळ्यांतील तेज मावळे. त्याच्या या उदास मुद्रेला घरातील मंडळींनी 'काचघरी तोंड' असे नावच ठेवले होते. घरच्या थट्टेचा हा विषय १८७२ मध्ये शास्त्रीय ग्रंथात जाऊन बसला. माणसांच्या व प्राण्यांच्या भावना मुद्रेवर कशा उमटतात, याविषयी डार्विन यांनी त्या वर्षी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बॉबच्या निराशेचे बारकाईने वर्णन आहे.

तथापि डार्विन यांच्या उतारवयातील खरी सोबतीण म्हणजे पॉली. ती पांढऱ्या रंगाची, फॉक्स-टेरियर जातीची लहानखुरी कुत्री होती. मूळची ती त्यांच्या कन्येची, हेन्रिएटा हिची. एकदा पॉलीची पिले तिच्यापासून दूर करण्यात आली. तेव्हा आपले सारे वात्सल्य तिने डार्विन यांच्यावरच ओतावयास सुरुवात केली. ती एकसारखी त्यांचे हात चाटी. ते खोलीबाहेर गेले की तीही उठे आणि रात्री तिला ओढून दूर न्यावे लागे. डार्विन म्हणजे आपलेच एक भलेमोठे पिलू आहे अशी पॉलीची समजूत झाली असावी, असे त्यांच्या पत्नी एमा गमतीने म्हणत. १८७१ मध्ये हेन्रिएटाचा विवाह झाला आणि ती सासरी गेली. त्यानंतर पॉली सर्वस्वी डार्विन यांचीच झाली.

डार्विन लिहीत बसत तेव्हा पॉलीची टोपली अभ्यासिकेत शेकोटीपाशी असे. अभ्यासिकेत सामानाची बांधाबांध सुरू झाली की धनी प्रवासास निघणार हे ती ओळखी आणि खिन्न होई. उलट खोलीची आवराआवर होऊ लागली म्हणजे धनी परत येणार हे तिला कळे आणि ती आनंदाने अस्वस्थ होई. धनी घरात शिरताच ती धापा टाकीत खोलीभर धावे, खुर्च्यांवरून उड्या मारी. मग ते वृद्ध शास्त्रज्ञ खाली वाकत, तिच्या तोंडाला तोंड लावीत आणि अतिशय मृदू स्वरात तिच्याशी बोलत. जेवणाची वेळ झाली की पॉली मोठे सोंग करी. धनी जवळून जाताना ती अंग थरथरवी आणि मुद्रा दीनवाणी करी. तिची उपासमार होत असल्याचे डार्विनही गंभीरपणे जाहीर करीत! तिच्या नाकावर बिस्किटाचा तुकडा ठेवून तो झेलावयास लावण्यापूर्वी, शहाण्या मुलीसारखे वागण्याचा उपदेश ते तिला करीत.

वर्षे लोटली. डार्विन यांची दाढी पांढरी झाली. पॉलीही म्हातारी होत चालली. तिला कधी दारातून आत यावयाचे असे, तर कधी व्हरांड्याकडील खिडकीतून बाहेर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकावयाचे असे. ते काम तिने आपण होऊनच पत्करलेले होते. दर वेळी कोणीतरी उठून दार उघडावे लागे. डार्विन यांचा कामाचा वेळ फार मोलाचा होता. मिनिटभरही वाया गेलेले त्यांना रुचत नसे. परंतु पॉलीसाठी उठताना त्यांच्या कपाळाला कधी आठी पडली नाही, असे त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

प्रेमाने माणसाची दृष्टी आंधळी होते, असे म्हणतात. डार्विन यांच्या बाबतीत मात्र प्रेमामुळे निरीक्षण अधिक बारीक झाले. पॉलीच्या पाठीवर पूर्वी एकदा भाजले होते. त्या जागी पांढऱ्याऐवजी तांबूस केस उगवले. पॉलीचा बाप तांबड्या रंगाचा होता. आईबापांचे गुण पिलांत कसे उतरतात, याविषयी डार्विन यांनी एक कल्पना मांडली होती. शरीराच्या प्रत्येक भागातून अतिसूक्ष्म कण निघतात आणि ते पुढील पिढीत जातात, अशी ती कल्पना होती. पॉलीने तांबडे केस उगवून आपल्याला पुरावा दिला, म्हणून ते तिला शाबासकी देत. पुढे ही कल्पना चुकीची ठरली. आनुवंशिकतेचे खरे नियम निराळे निघाले. परंतु कुत्रीच्या पाठीवरील चार केससुद्धा विचार करण्याजोगे आहेत, ही वृत्ती काही चुकीची ठरली नाही.

माणूस आणि इतर प्राणी एकाच जीववृक्षाच्या शाखा आहेत, हा डार्विन यांच्या शिकवणीचा गाभा होय. हे नाते त्यांनी केवळ ग्रंथात मांडले नाही. जनावरांना पकडण्यासाठी पोलादी सापळे लावीत आणि त्यांत सापडलेली जनावरे तासन्‌तास तडफडत. १८६३ मध्ये डार्विन पतिपत्नींनी या सापळ्यांविरुद्ध जाहीर आवाहन केले. जिवंत प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाहीत, हा प्रश्न मात्र त्यांना अवघड गेला. अशा प्रयोगांवाचून शरीरशास्त्राची प्रगती होणार नाही आणि त्या ज्ञानाने पुढे माणसांचे दुःख कमी होईल, असे त्यांना वाटे. परंतु केवळ कुतूहलापोटी प्राण्यास वेदना देणे त्यांना अत्यंत निंद्य वाटे. १८७५ मध्ये सरकारी चौकशी मंडळापुढे त्यांनी याविषयी साक्ष दिली आणि पुढील वर्षी इंग्लंडमध्ये अशा प्रयोगांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. ज्ञानाची ओढ आणि करुणा या दोहोंपैकी एकीचाही त्याग न करता मार्ग शोधणे सोपे नसते. डार्विन यांनी ती अडचण टाळली नाही.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जो विषय हाती घेतला, तो पायाखालचाच होता. तो विषय म्हणजे गांडुळे. घराजवळच्या एका शेतात त्यांनी १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरविले होते. एकोणतीस वर्षांनी, १८७१ मध्ये, तेथे चर खणून पाहिले, तेव्हा ते तुकडे जमिनीखाली सात इंचांवर सापडले. ते कोणी पुरले नव्हते. गांडुळांनी खालची माती वर्षानुवर्षे वर आणून टाकली होती. कुंड्यांत गांडुळे पाळून त्यांनी घरातही प्रयोग केले. फ्रान्सिस यांनी बॅसून नावाचे वाद्य गांडुळांजवळ मोठ्याने वाजविले. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. परंतु त्यांची कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजविताच ती झटकन बिळात शिरली. त्यांना ऐकू येत नाही, मात्र कंप जाणवतो, हे त्यावरून सिद्ध झाले. पुष्कळ ठिकाणी एका एकरात दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात मांडला. आपल्याकडे गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात. ती मैत्री डार्विन यांनी मोजून दाखविली.

१८८२ च्या मार्च महिन्यात वाळूच्या वाटेवर एकटे फिरत असता डार्विन यांच्या छातीत कळ आली. ते कसेबसे घरी पोहोचले. त्यानंतर त्या वाटेवर त्यांना पुन्हा जाता आले नाही. १९ एप्रिल १८८२ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. गावातील चर्चच्या आवारात त्यांचे दफन व्हावे अशी कुटुंबाची इच्छा होती. परंतु राष्ट्राने त्यांना लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, थोर पुरुषांच्या शेजारी विसावा दिला. इकडे पॉलीही अतिशय आजारी पडली होती. धन्यामागून थोड्याच दिवसांत तिला यातनांतून मुक्त करावे लागले. तिला मात्र डाऊनच्या बागेतच, सफरचंदाच्या झाडाखाली पुरण्यात आले.

डाऊनचे ते घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. अभ्यासिकेत डार्विन यांची खुर्ची आहे, कागदपत्रे आहेत आणि शेकोटीजवळ कुत्र्याची एक टोपलीही आहे. बाहेर भाजीपाल्याची बाग आहे, काचघर आहे आणि वाळूची वाटही आहे. येथे पाहण्यासारखे भव्य असे काही नाही. तण, गांडुळे, एक म्हातारी कुत्री आणि रोजची ठरलेली फेरी एवढीच येथील सामग्री होती. अशी सामग्री कोणत्याही खेड्यातील घरी सापडेल. ती वर्षानुवर्षे न कंटाळता पाहणारा आणि तिच्यावर जीव लावणारा माणूस मात्र क्वचितच आढळतो.

अभ्यास

१. डार्विन यांनी तणांची मोजणी कशी केली? तिच्यावरून काय दिसून आले?
२. 'काचघरी तोंड' हे नाव कशावरून पडले?
३. धनी प्रवासास जाणार की परत येणार, हे पॉलीला कशावरून कळे?
४. खडूचे तुकडे जमिनीखाली कसे गेले, ते आपल्या शब्दांत सांगा.
५. 'प्रेमामुळे निरीक्षण अधिक बारीक झाले', हे विधान पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
६. आपल्या घराच्या अंगणात किंवा शाळेच्या आवारात हातभर जागा निवडा. तेथे काय उगवते व काय नाहीसे होते, याची महिनाभर नोंद ठेवा.