भाव ठरवताना आपली मजुरी धरली का?



गटाच्या बैठकीत "पाकीट कितीला द्यायचं?" असा प्रश्न निघाला की बहुतेक वेळा उत्तर येतं, "शेजारच्या गटाचं पन्नासला आहे, आपणही पन्नासलाच देऊ." माल खपतो, हातात पैसेही खेळतात. पण वर्षाच्या शेवटी गटाच्या खात्यात काही शिल्लक दिसत नाही. असं का होतं, ते आज शेंगदाण्याच्या चटणीचं उदाहरण घेऊन पाहू. दर तुमच्या बाजारातले घाला, हिशोबाची रीत तीच राहील.

१) आधी खर्च मांडा

समजा, दोघी जणींनी १० किलो शेंगदाणे आणले. भाजून सालं काढल्यावर वजन घटतं, तिखट-लसूण-मीठ पडल्यावर पुन्हा भरतं. तयार चटणी १० किलो धरू. २०० ग्रॅमची ५० पाकिटं झाली.

शेंगदाणे १० किलो – १४०० रुपये
तिखट, लसूण, मीठ, जिरं – ४५० रुपये
गॅस आणि वीज – १२० रुपये
पिशव्या आणि लेबलं – २०० रुपये
बाजाराला जाण्या-येण्याचं भाडं – १०० रुपये
मिक्सरची झीज, फुटलेली-खराब झालेली पाकिटं – ८० रुपये
एकूण – २३५० रुपये

म्हणजे एका पाकिटाला ४७ रुपये खर्च. पन्नासला विकलं तर पाकिटामागे ३ रुपये सुटले. ५० पाकिटांचे १५० रुपये. गट म्हणतो, "नफा झाला."

आता वेळ मोजा. निवडणं, भाजणं, कुटणं, भरणं, बाजारात बसणं – दोघींचे पाच-पाच तास, मिळून १० तास. १५० रुपयांना १० ने भागा. तासाला १५ रुपये! ज्याला आपण नफा म्हणत होतो, ती आपलीच मजुरी होती, आणि तीही अर्धीमुर्धी. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला या पैशात आपण गेलो असतो का?

२) मजुरी हा खर्चच आहे

घरचं काम फुकट करायची सवय आपल्या अंगात इतकी भिनली आहे, की धंद्यातही आपण स्वतःचे हात हिशोबात धरत नाही. पण मोठमोठ्या हिशोबात हे धरतात. पिकांचे हमीभाव सुचवणारा कृषी खर्च व मूल्य आयोग शेतीचा खर्च काढताना रोख खर्चाबरोबर घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरीही मांडतो. लिज्जत पापडचं काम १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथेही पापड लाटणाऱ्या बहिणींना किलोमागे लाटण्याची मजुरी मिळते.

आपणही तसंच करू. गावात दिवसाचा रोज ४०० रुपये आणि काम आठ तास असेल, तर तासाला ५० रुपये. १० तासांचे ५०० रुपये. एकूण खर्च २८५० रुपये, म्हणजे पाकिटाला ५७ रुपये. पन्नासला विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे ७ रुपये आपल्याच मजुरीतून गेले.

यावर गटासाठी थोडी शिलकी हवी. मिक्सर बिघडला, दाणे महागले, तर तीच कामी येते. पाकिटाला ६ रुपये धरू. म्हणजे आपल्या हातात ६३ रुपये यायला हवेत.

३) दुकानदाराचा वाटा कसा काढायचा?

दुकानदार म्हणतो, "छापील किमतीवर मला वीस टक्के हवेत." इथे फार जणी फसतात. ६३ चे वीस टक्के काढून त्यात मिळवतात आणि ७६ रुपये छापतात. पण दुकानदार वीस टक्के ७६ वर घेतो, ते होतात १५ रुपये २० पैसे. आपल्या हातात उरतात ६० रुपये ८० पैसे.

बरोबर रीत अशी: १०० मधून २० गेले की ८० उरतात. म्हणून ६३ ला ८० ने भागायचं आणि १०० ने गुणायचं. उत्तर ७८ रुपये ७५ पैसे. किंमत ८० रुपये छापली तर दुकानदाराला १६ आणि आपल्याला ६४ मिळतात.

लक्षात ठेवा, पाकिटावर छापतो ती सर्व करांसह कमाल किंमत असते. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घेता येतं. पण दुकानात ८० आणि आपल्या स्टॉलवर ६० असं केलं, तर दुकानदार पुढच्या वेळी माल ठेवणार नाही.

४) बाजारात तेवढा भाव मिळेल का?

खर्च आपल्याला खालची हद्द सांगतो, वरची हद्द गिऱ्हाईक ठरवतं. म्हणून तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या पाकिटांचे भाव विचारून या. आपलं महाग पडत असेल, तर पहिली कात्री मजुरीला लावू नका. आधी हे बघा:

– सुगीत दाणे स्वस्त असताना दोन-तीन गटांनी मिळून घेता येतील का?
– एका खेपेला १० ऐवजी २० किलो माल नेला तर भाडं तेवढंच राहून पाकिटामागे कमी पडेल का?
– शहरातलं प्रदर्शन, हॉस्टेल, खानावळ असं दुसरं गिऱ्हाईक मिळेल का?

एवढं करूनही मजुरी सुटत नसेल, तर तो माल सोडून दुसरा धरावा. हेही हिशोबानेच कळतं.

५) शिवणकाम, डबे आणि उधारी

ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनीही हीच रीत धरावी: दोरा-हुक-अस्तर, मशीनची देखभाल, वीज आणि लागलेले तास. साध्या ब्लाउजला आणि अस्तराच्या ब्लाउजला वेळ वेगळा लागतो, मग शिलाईही वेगळी हवी. डबे करणाऱ्या ताईंनी बाजार आणायचा आणि भांडी घासायचा वेळही धरावा.

उधारीलाही किंमत असते. गटाचं कर्ज महिना शेकडा दोन रुपयांनी असेल आणि गिऱ्हाइकाने ५०० रुपये तीन महिने थकवले, तर त्याचं ३० रुपये व्याज आपण भरलं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. गटाच्या एका वस्तूचा खर्च वरच्याप्रमाणे वहीत मांडा.
२. आठवडाभर कोणी किती तास काम केलं ते रोज लिहा. अंदाजाने लिहू नका.
३. विक्रीतून रोख खर्च वजा करा, उरलेल्या रकमेला तासांनी भागा. आपल्याला तासाला किती पडले ते मोठ्याने वाचा.
४. चर्चा करा: मजुरी धरताना गावातला बायकांचा रोज धरायचा की पुरुषांचा? का?