पहिला घास : अन्नाची अ‍ॅलर्जी आणि घरची खबरदारी

शेंगदाण्याचे कूट, दूध, अंडी, कोळंबी हे आपल्या उपनगरांतील घरोघरचे पदार्थ आहेत. मात्र ज्या बालकाला इसब आहे किंवा एखाद्या पदार्थाचे वावडे, म्हणजेच अ‍ॅलर्जी आहे, त्याचे पालक भीतीपोटी हे सर्वच पदार्थ वर्षानुवर्षे दूर ठेवतात. ही भीती स्वाभाविक असली तरी सरसकट टाळणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

इ. स. २००० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने धोका असलेल्या मुलांना अंडी दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असे सुचविले होते. पुरेशा पुराव्याअभावी २००८ मध्ये ही भूमिका बदलली. पुढे २०१५ मध्ये लंडन येथील डॉ. गिडिऑन लॅक व सहकाऱ्यांनी तीव्र इसब वा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी शेंगदाण्याची त्वचा-चाचणी निर्दोष असलेल्या गटात, शेंगदाणे टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी आढळली. नियमित खाणाऱ्यांत हे प्रमाण अवघे १.९ टक्के होते.

घरी केव्हा देऊ नये?

एखाद्या पदार्थाने पूर्वी अंगावर पित्त उठणे, वारंवार उलट्या वा धाप लागणे असा त्रास झाला असल्यास तो पदार्थ घरी पुन्हा देऊन पाहू नये. ती चाचणी रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणे देण्यापूर्वीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डॉक्टरांनी अनुमती दिल्यास

१. सहा महिन्यांच्या सुमारास बाळ वरचे अन्न खाऊ लागल्यावर एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा.

२. बाळाला ताप, खोकला नसताना, सकाळच्या वेळी द्यावा. म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते.

३. अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या घशात अडकतात. म्हणून भाजलेल्या दाण्यांचे बारीक कूट कोमट पाण्यात वा नाचणीच्या सत्त्वात पातळ करावे. अंडे पूर्ण शिजवलेले असावे.

४. चमच्याच्या टोकावर मावेल एवढेच चाटवून दहा मिनिटे थांबावे. त्रास न झाल्यास उरलेले सावकाश भरवावे व दोन तास नजर ठेवावी.

५. पदार्थ मानवल्यास तो आहारात नियमित ठेवावा. एकदा देऊन महिनोन्महिने बंद करू नये.

ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली आहे तो मात्र काटेकोरपणे टाळावा. वेष्टनावरील घटक वाचावेत. सुट्या फरसाणाला व चिक्कीला वेष्टनच नसते, हे ध्यानात ठेवावे.

धोक्याची लक्षणे

आवाज बसणे, श्वास घेताना घरघर, सतत उलट्या, मूल निस्तेज व शिथिल होणे ही गंभीर लक्षणे होत. अशा वेळी अ‍ॅलर्जीचे पातळ औषध पाजून वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर संपर्क साधून तत्काळ रुग्णालय गाठावे. अ‍ॅड्रेनॅलिनचे मांडीत दिलेले इंजेक्शन हाच यावरील पहिला उपचार होय.

देखरेखीखालील अन्न-चाचणीला महागडे यंत्र लागत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीसोबत एक खाट, प्रशिक्षित परिचारिकेचे काही तास आणि हाताशी तयार अ‍ॅड्रेनॅलिन मात्र लागते. देणगीदारांच्या साहाय्यातून उभी राहणारी अशी सोय एखाद्या बालकाच्या ताटातील अनावश्यक बंदी उठवू शकते, आणि आवश्यक बंदी कोणती हेही पालकांना निश्चितपणे सांगू शकते.